विजयराघव : उपलब्ध नाही

विजयराघव राव यांच्या कुंभकोणमच्या कारखान्यात पितळी समया ओतल्या जात. कोणी, किती ओतायच्या हे लेक नंदिताने आणलेलं सॉफ्टवेअर ठरवी. सोमवारी रावांनी आठवड्याचं नियोजन उघडलं आणि बिनसाखरेची कॉफी तशीच बाजूला ठेवली. ‘शुक्रवार. विजयराघव : उपलब्ध नाही.’

गेल्या महिन्यात त्याने ओतारी कृष्णमूर्तीबद्दल असंच म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कृष्णमूर्ती तापाने आडवा झाला. त्याच सॉफ्टवेअरने सांगितलेल्या तारखेला पितळ एकदाही आलं नव्हतं, पण असलं कोण लक्षात ठेवतो!

मन चिंती ते वैरी न चिंती. बुधवारी राव दाराआड उभे राहिले, तर पत्नी वेदवतीबाई फोनवर कुजबुजत होत्या, “शुक्रवारीं सगळे या. ह्यांस मात्र सांगूं नका.” गुरुवारी गुरुजी आले, कलश मोजून गेले. कोरं धोतर आलं. कारखान्यात रावांना पाहताच माणसं गप्प होत, मान खाली घालत. राव मरणाला भ्याले, अगदी साफ भ्याले.

“वेदा, मी तुज फार बोललों. क्षमा कर,” ते म्हणाले.

“आत्तां कशास? उद्यां बोला, सगळ्यांसमोर!”

रावांनी तिजोरीच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

शुक्रवारी पहाटे गाडी तिरुक्कडैयूरच्या देवळापाशी थांबली. यमाला जिथे हार खावी लागली, तिथेच लोक साठी साजरी करतात. सगळे नातलग हार घेऊन उभे होते.

“अय्यय्यो, रडतां काय? पंचांगाप्रमाणें साठ भरलीं तुम्हांस!” वेदवतीबाई म्हणाल्या. “सर्टिफिकेटावरची तारीख शाळेच्या मास्तरांची!”

साठीच्या रिवाजाप्रमाणे रावांनी बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधलं.

शनिवारी त्यांनी लेकीचा कान धरला. “सुट्टी भरलीस, ती मज दिसेलसें कळलें नाहीं तुज?”

“मी? मी कांहीं भरलें नाहीं, अप्पा. गुपित होतें ना.” नंदिताने संगणक उघडला. तिच्याखेरीज कोणाला सुट्टी भरता येत नसे. कालची ओळ नव्हती. तिथे नवी होती. ‘विजयराघव : उपलब्ध नाही.’ तारीख वीस वर्षांनंतरची.

नंदिताने ती ओळ पुन्हा वाचली. “अप्पा, हें कोणीं लिहिलें?”

रावांनी बोटांवर हिशेब केला. मग ते आरामात खुर्चीत रेलले.

“तें चुकत नाहीं ग,” ते म्हणाले आणि आत हाक मारली, “वेदा, कॉफी आण. साखर दोन चमचे.”