आमच्यात टीव्ही न्हाय

बेंबळीच्या योगीराजला मोबाइल दुरुस्तीचा कंटाळा आला होता आणि एजन्सीचं वेड लागलं होतं. एका कंपनीनं टीव्हीला जोडायची नवी डबी काढली होती. तिच्यावर सिनेमे, मालिका दिसत आणि गेमही खेळता येत. आधी गावात सर्वे करायचा, गिऱ्हाईक आहे हे दाखवायचं, मग एजन्सी, अशी अट होती. योगीराज इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाइल मारून निघाला आणि तिथंच घोळ झाला. कारण गावात सर्वे म्हटलं की माणसाचा हात आधी पिवळ्या रेशनकार्डाकडं जातो. घरात टीव्ही किंवा कमाई दिसली की गरिबीचं ते कार्ड गेलंच म्हणायचं.

"मावशी, सर्वे हाय. घरात टीव्ही हाय का?"

"न्हाय बाबा," सिद्धम्मा म्हणाली. आत मालिकेतली बाई गळा काढून रडत होती.

"मग आत कोण रडायलंय?"

"माझी सून."

"सून तर दारात उभी हाय की!"

"ही धाकटी."

सिद्धम्माला मुलगा एकच होता.

उत्तरेश्वर अण्णांनी तर छपरावरची डिश पाखरांना पाणी ठेवायला आणलीय म्हणून सांगितलं. साठ घरं झाली, टीव्ही एक नाही. योगीराज रडकुंडीला आला. शेवटी त्यानं सगळे फॉर्म फाडले आणि नव्या फॉर्मांवर घरटी दोन-दोन टीव्ही स्वतःच लिहून टाकले. कंपनी इतकी खूश झाली की तिनं खात्री करायला आपले अधिकारी विरेश साहेब यांनाच पाठवलं.

साहेबांची जीप वेशीत दिसताच गावातले टीव्ही कडब्यात गेले. योगीराजनं मात्र साहेबांना सरळ आपल्या घरी नेलं. तिथं डबी जोडून, चालू करून ठेवली होती.

दारात त्याची आई, दगडाबाई, पदर खोचून उभी होती.

"साहेब, आमच्यात टीव्ही न्हाय. कवाच नव्हता."

"आये!"

"आन् हे पोरगं काय कमवत न्हाय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या गोधडीखालून आवाज आला, "खेळाडू तयार? मारा!" पाठोपाठ गोळीबार सुरू झाला.

साहेब दचकले. "कोण हाय तिथं?"

"आमचे मालक. तापात बरळायलेत."

नेमके त्याच वेळी मालक दुधाची बादली घेऊन आत आले. "साहेबांस्नी च्या ठिवला का न्हाय?"

योगीराजनं डोळेच मिटून घेतले. एजन्सी गेली, मोबाइलच्या दुकानाचंही हसं झालं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

साहेबांनी गोधडीचं टोक उचललं, आत बघितलं आणि पुन्हा नीट झाकलं.

"मावशी, आवाज बंद करून झाकायचं असतंय. नळदुर्गात आमची आई तसंच करती. मला नोकरी लागल्यापासनं तर सर्वे आला की मलाबी आतल्या खोलीत कोंडती."

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'घरोघरी टीव्ही आहे. झाकलेला आहे. बाजारपेठ उत्तम.' आणि खाली सही ठोकली.

योगीराज आनंदानं आईच्या पाया पडायला वाकला. "आये, एजन्सी मिळाली! आता म्या कमावता झालो!"

दगडाबाईनं घाईघाईनं दाराची कडी लावली.

"हळू बोल की रं मुडद्या! आता तुला झाकायला एवढी मोठी गोधडी कुठनं आणू?"