भिकशेट ओताऱ्याच्या सुतकाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, ऐकणारांची दुकाने चालोत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, एका नदीचे ऐलतीरी एक महाराज आणि पैलतीरी दुसरे महाराज राज्य करीत, आणि उभयतांचा स्नेह म्हणजे अळवावरचे पाणी. आज शालजोडी पाठवावी, उद्या हेर पाठवावे, ऐसा परिपाठ. ऐलतीरी भिकशेट ओतारी म्हणोन समया-घंटा ओतणारे नामांकित गृहस्थ होते. स्नेहाचे दिवसांत पैलतीरच्या महाराजांनी त्यांस बोलाविले आणि बोलिले, "शेटजी, आमचे मुलखी तांबे आहे, कोळसा आहे, तुमचा हात मात्र नाही. कारखाना घाला, जकात माफ." शेटजी हुरळले. बायकोचे दागिने मोडिले, वडिलांची जागा विकिली, आणि पैलतीरी ऐसी भट्टी बांधिली की पाहोन त्यांचाच ऊर भरोन यावा. बायकामुले मात्र ऐलतीरीच राहिली.

मग काय जाहले, तर ऐलतीरचा राजहत्ती माहुतास झुकांडी देऊन नदी उतरला आणि पैलतीरच्या राणीसाहेबांचा ऊस खाऊन तृप्त जाहला. पैलतीरकरांनी हत्ती अडकाविला. हे म्हणती, "हत्ती सोडा," ते म्हणती, "ऊस भरा," आणि मिशांस पीळ पडोन नावा बंद जाहल्या. मग पैलतीरच्या महाराजांनी शेटजींस हुकूम केला, "घंटा पुरे, आता तोफ ओता. नाही म्हणाल तर भट्टी सरकारजमा आणि तुम्ही बंदीखान्यात." तोफेचे तोंड कोणीकडे होणार हे पुसावे लागले नाही, समोरचे घाटावर शेटजींचेच घर. इकडे आड, तिकडे विहीर. लेकरांची तोंडे शेटजींचे डोळ्यांपुढे आली, आणि तोंडास आले ते बोलोन गेले, "ओततो महाराज, परंतु आमची चुलती गोजराकाकू वारली. सुतक आहे." सुतकात पेटविलेल्या भट्टीची तोफ धन्यावरच उलटते, ऐसा ओताऱ्यांचा पक्का समज, आणि तो महाराजांसही ठाऊक. महाराज दचकले. म्हणाले, "नावा बंद असता वर्तमान आणिले कोणी?" शेटजी बोलिले, "वाईट बातमीस नाव लागत नाही, महाराज."

मग दहावे दिवशी शेटजींनी मिशांसुद्धा क्षौर केले. सुतक फिटते न फिटते तो काका गेले, मग चुलतबंधू गेले. शेटजींनी घरचे घर मारिले आणि रोज मनात त्यांची क्षमा मागितली. इकडे हत्तीने राणीसाहेबांचा उरला ऊस खाल्ला, मग पागेचा दाणा खाल्ला, आणि कोठारास सोंड लाविली तेव्हा कारभारी हात जोडोन बोलिले, "महाराज, हा आपले कैदेत नाही, आपण याचे कैदेत आहो."

मग काय, हत्तीस झूल घालोन सन्मानाने परत केले, तह जाहला, नावा सुटल्या आणि पैलतीरी मोठी पंगत बसली. पहिल्याच नावेने पुतण्यास भेटावयास कोण उतरले, तर गोजराकाकू, धडधाकट, हाती लाडवांचा डबा. भर पंगतीत ओरडल्या, "मेल्या भिक्या, मिशा कुठं गेल्या तुझ्या?"

महाराजांनी पुसिले, "ह्या कोण?" शेटजी म्हणाले, "ह्या आमच्या... काकू." महाराजांचे डोळे लाल जाहले. शेटजींनी काकूंच्या कानी लागोन घाईने काय ते सांगितले. काकूंनी पदर खोचिला आणि बोलिल्या, "होय महाराज, मीच ती. मी मेले म्हणून तुमची तोफ राहिली. न मरते तर आज ह्या पंगतीस कोण कोण नसतं, ते बघा एकवार. आता वाढायला सांगा, मेल्यापासून पोटात अन्न नाही."

महाराज पंगतीकडे पाहत राहिले, आणि मग ऐसे हसले की ठसका लागला. भट्टी शेटजींची शेटजींपाशी राहिली, आणि तोफेसाठी काढिलेल्या तांब्याची घाटावरची घंटा जाहली.

तात्पर्य हेच. पुढे ऐलतीरचे व्यापारी शेटजींस पुसू लागले की पैलतीरी भांडवल घालावे की न घालावे. शेटजी म्हणत, "घाला की. तांबे पाहा, कोळसा पाहा, जकात पाहा. फक्त निघण्याआधी घरी विचारून ठेवा, वेळ पडल्यास मरावयास कोण राजी आहे."