व्यंकटकाकांची खरखर

शनिवारी सकाळी सातला बेल वाजली, की दारात व्यंकटकाका उभे असणार. छातीशी रेडिओ धरलेला, आणि प्रश्न ठरलेला, "ताई, आत्ता काय चालू केलाव?"

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत काका शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. चाकणला कंपनीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाले, पण बिघाड शोधायची खोड काही गेली नाही. दर शनिवारी त्यांना लातूरकडचं, म्हणजे गावाकडचं रेडिओ केंद्र ऐकायचं असतं. इतक्या लांबून येणारा आवाज आधीच मरतुकडा, त्यात आमच्या घरातली खरखर. मिक्सर, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळे आरोपी! रेडिओ भिंतीला लावून चालायचं आणि खरखर वाढली की ओरडायचं, "हितंच हाय चोर!"

"मोबाइलवर ऐका ना हो," मी एकदा वैतागून म्हटलं.

"आमचं केंद्र त्यात येत न्हाई."

परवाच्या शनिवारी चोर थेट माझ्या देवघरात सापडला. नुकतीच हौसेनं लावलेली एलईडीची माळ. माझं डोकंच फिरलं. "एका गाण्यासाठी देवाचे दिवे बंद करू?"

काका मटकन खाली बसले. "गान्यासाठी न्हाई हो. फर्माइशीत आक्काचं नाव येतंय. भाचीच्या लग्नात मला मामाचा फेटा बांधायचा राहिला, म्या ताटावरनं उठून आलो. चार वर्सं बोलनं न्हाई. नाव आलं म्हंजे ती बरी हाय. गेले दोन शनिवार नुसती खरखर."

दोन शनिवार. म्हणजे माझी माळ लागल्यापासून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळ उपटली, निरांजन लावलं, आणि वर घराचा मेन स्विचच बंद केला.

रेडिओतली बाई फर्माइशीची नावं वाचत होती. "...कलावती आणि त्यांचे बंधू व्यंकट."

काका रेडिओकडे बघतच राहिले. "आक्कानं आज माझं बी नाव टाकलं." मग हळूच म्हणाले, "का मागच्या दोन शनिवारी बी टाकलं आसंल?"

मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला. चार वर्षं न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"आक्का, म्या व्यंकट," काका म्हणाले. "आवाज साफ येतोय का?"