बबनरावांचा अंबर

माणसं बाहेर जाताना सेंट मारतात. आमचे शेजारी बबनराव घरी आल्यावर मारतात. सुप्याच्या कंपनीतली पाळी संपवून आले, की मोटरसायकल कडुनिंबाखाली लावायची, हातपाय धुवायचे, बनियन बदलायची आणि मानेवर नि मनगटांवर फवारा मारून गोठ्यात धार काढायला बसायचं. लग्नाकार्याला मात्र हा गृहस्थ नुसतं खोबरेल तेल लावून जातो. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "तिथं कोनाला गरज हाय?"

मग गोठ्यात कोणाला आहे, हे मी विचारलं नाही. प्राथमिक शाळेत आयुष्य काढल्यावर कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, ते आधीच समजतं.

बरं, सेंटही साधासुधा नाही. अंबर. पहिली बाटली त्यांच्या भाच्याने दुबईहून आणली. चौकोनी, हाताला जड, आत काकवीच्या रंगाचं पाणी आणि वर 'पुरुषांसाठी' असं इंग्रजीत छापलेलं. राळ, गूळ आणि उन्हात वाळवलेली घोंगडी एकाच पेटीत ठेवून वर्षभराने ती पेटी उघडावी, तसा काहीसा वास. मला ऐन उन्हाळ्यात तो सोसत नाही. थंडीत मात्र बरा वाटतो, हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

भाच्याने दिला म्हणून लगेच पसंत करतील तर ते बबनराव कसले. ते नगरला गेले की कापड बाजारातून निरनिराळ्या छोट्या बाटल्या आणायचे आणि तपासायचे. मी नुकताच निवृत्त झालो होतो, रिकामा होतो, त्यामुळे परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. मनगट माझ्या नाकापुढे यायचं आणि मी तोंड उघडलं की लगेच मागे जायचं.

"आत्ता न्हाई सांगायचं. बसू द्या त्याला."

वास बसेपर्यंत आम्ही दोघंही बसायचो. "वरचा वास पाव्हना असतोय गुरुजी," ते सांगायचे. "च्या पिऊन जातोय. मागं कोन ऱ्हातंय ते बघायचं."

त्यानंतर अंतराची चाचणी. बबनराव फाटकाशी उभे राहायचे आणि मी डोळे मिटून एकेक पाऊल मागे जायचं. वास यायचा थांबला की हात वर करायचा. डोळे मिटायची अट कडक होती. मी एकदा किलकिले केले तर म्हणाले, "उघड्या डोळ्यानं कोनबी सांगंल. त्यात काय." गावाने आपल्या गुरुजींना भर दुपारी मिटल्या डोळ्यांनी उलटं चालताना पाहिलं. एकदा तर मी थेट शेणाच्या पाटीत बसलो. बबनरावांनी मला उठवलं ते नंतर. आधी विचारलं, "येतोय का अजून?"

"कशाचा?" मी म्हणालो.

त्यांचे निकालही तऱ्हेवाईक. लिंबाचा वास मला आवडला होता. "नगं, सैपाकघरात हरवतोय." गुलाब घमघमीत होता. "देवाऱ्यातला वाटतोय." चंदन तरी चालावं. "उदबत्तीत जमा व्हतोय." मी वैतागून म्हणालो, "अहो, वास आवडला की नाही एवढं बघायचं. तो घरात कुठे जातो, काय करतो, याच्याशी काय घेणं?" ते फक्त हसले. शेवटी भाच्याच्या अंबरावरच शिक्कामोर्तब झालं. कारण काय, तर ओट्यावर बसलं तरी तो पार मोरीपर्यंत पोचतो, आणि "घरात दुसऱ्या कशालाच ह्यो वास न्हाई."

मला वाईट वाटायचं ते त्यांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं. शुगरने त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्या फारशा घराबाहेर पडत नाहीत. म्हणजे त्या अंबरातून बिचारीची सुटकाही नाही. त्यात बबनराव घरात अगदी अबोल. माझ्याशी वासांवर तासभर बोलतील, पण घरातून त्यांचा शब्द कधी बाहेर ऐकू आला नाही. मुका नवरा आणि वर त्याचा हा दर्प, असं मी माझ्या घरी म्हणत असे.

गेल्या थंडीत बबनरावांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नगरला दवाखान्यात ठेवलं. मुलगी सोबत गेली. वहिनींना भावजय भाकरी आणून द्यायची आणि त्यांच्या राणी गाईची धार माझ्याकडे आली. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, धार काढायला काही नवा नाही. पण राणीने पहिल्याच संध्याकाळी चरवी लाथाडली. वासरू लावून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, पेंड पुढे ठेवली. पेंड खाल्ली, पान्हा सोडला नाही. मी दवाखान्यात फोन लावला.

"कोनाड्यातली बाटली घ्या," बबनरावांचा आवाज खोल गेलेला होता. "दोन फवारं मारा अंगावर. गाईला दोन पुरत्यात."

"बबनराव, गाईला अंबरातलं काय कळतंय?"

"कळाया कशाला पायजे? सवय हाय तिला."

मी चरफडत दोन फवारे मारले. राणीने मान वळवून मला हुंगलं आणि तिच्या मनाविरुद्ध का होईना, पान्हा सोडला. भरलेली चरवी घेऊन मी त्यांच्या ओट्यावर चढलो. वहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम माझ्याकडे वळला आणि उजळला. मग हळूहळू पहिल्यासारखा झाला.

"गुरुजी हाय व्हय," त्या म्हणाल्या. "चपलीनं वळखलं."

मला उगीचच चोरी पकडल्यासारखं झालं. मी गाईची हकिगत सांगितली. त्या थोडं हसल्या.

"मला दिसंना झालं तवा लई भ्या वाटायचं," त्या म्हणाल्या. "ह्ये घरात हायती का न्हाई त्येच कळंना. मी म्हनलं, जरा बोलत जावा. तर म्हनलं, मला येवढं बोलाया येत न्हाई. मंग ती बाटली आली. आता मोरीत भांडी घासत असले तरी मला कळतंय, ओट्यावर हायती म्हनून."

मला लिंबू आठवलं, गुलाब आठवला, शेणाची पाटीही आठवली. माझीच मला लाज वाटली. मी विचारलं, "जेवलात का?"

"भाकर झाकून ठिवलीय. सकाळची बी तशीच हाय. घर मोकळं वाटतंय, घास उतरंना. गुरुजी, घाई नसंल तर थोडं बसा तिथं ओट्यावर. पन बोलू नगा."

मी बसलो. आत ताटावरचं झाकण निघाल्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा आला. मधेच त्या थांबल्या, ओट्याकडे तोंड करून जरा राहिल्या आणि पुन्हा जेवू लागल्या. मला खोकला आला होता तो मी दाबून धरला.

दुसऱ्या दिवसापासून बबनराव घरी येईपर्यंत मी रोज तीन फवारे मारत राहिलो. गाईला दोनच पुरत होते.