पक्कडकाकांचा राक्षस

"पहिलं बक्षीस आपलंच! परीक्षकांनी फक्त जाहीर करायचा अवकाश!" पक्कडकाकांनी दाढी करता करता आरशाला सांगितलं. आरशाला ते पटलं. काकूंना नाही.

"मिळालं तर मागच्या खोलीतलं तुमचं भंगार राहील," काकू म्हणाल्या. "नाही मिळालं तर सोमवारी भंगारवाला येतोय. मला तिथं शिलाईमशीन मांडायचंय."

काकांनी उभा जन्म विजेच्या वस्तू दुरुस्त करण्यात घालवला. दुकान बंद केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी "जाऊ द्या, टाकून द्या" म्हणून सोडून दिलेले मिक्सर, पंखे, इस्त्र्या, रेडिओ सगळे घरी आले आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचले गेले. ती खोली गेली तर दिवसभर करायचं काय? नुसता पेपर वाचत बसायचं?

अशात बागेच्या समितीनं कचऱ्यापासून केलेल्या कलाकृतींची स्पर्धा जाहीर केली. कलाकृती हिरवळीवर मांडायची, आणि वस्तू फेकून दिलेल्या, निकामी हव्यात, एवढाच नियम. हा नियम आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच केलाय, अशी काकांची खात्रीच पटली.

बेत जबरदस्त होता. माणसांनी टाकलेलं सगळं गिळून फुगलेला राक्षस! सळ्यांचा सांगाडा, डोळ्यांच्या जागी टेबलफॅन, दातांच्या जागी इस्त्र्या, घशात रेडिओ आणि पोटात मिक्सरच मिक्सर. बघणाऱ्याला आपल्या उधळेपणाची लाज वाटून त्यानं मान खाली घातली पाहिजे!

पण डावा डोळा बांधताना पंख्याचं पातं अडकलं. काकांना राहवेना. "थेंबभर तेल सोडतो," म्हणाले. तेल सोडलं, मग वायर बदलली, मग आतली मोटर उघडली. पंखा गरगर फिरायला लागला. मग उजव्या डोळ्यानं काय पाप केलं होतं? मग इस्त्र्या. मग रेडिओ. जित्याची खोड, दुसरं काय!

"अहो, राक्षस करताय की दवाखाना चालवताय?" काकूंनी विचारलं.

"बिघडलेली वस्तू तशीच बांधायची? माझे हात धजत नाहीत!"

रविवारी बागेत काकांनी राक्षसाला वीज जोडली आणि बटण दाबलं. डोळे फिरले, घसा गाऊ लागला, पोट गुरगुरलं! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मान मात्र एकाचीही खाली गेली नाही. उलट सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

"थांबा!" शाळेतल्या बाई ओरडल्या. "तो पुढचा दात माझा आहे! काका, या इस्त्रीत काही राम नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"तेव्हा नव्हता हो," काका चाचरले.

"मग आता आलाय ना? काढा!"

दात निघाला. लगेच बँकेतले साहेब डाव्या डोळ्याला येऊन भिडले. "मी घरात उकडून मरतोय आणि माझा पंखा इथं राक्षसाला वारा घालतोय?" दोन शेजारणी एकाच मिक्सरला दोन्हीकडून लोंबकळल्या. "अहो, बटण तरी बंद करू द्या!" असं काका जीव तोडून ओरडत होते, पण ऐकतो कोण? बघता बघता राक्षसाचं पोट खपाटीला गेलं.

परीक्षक बाई आल्या तेव्हा हिरवळीवर सळ्यांचा सांगाडा उरला होता. घशात तेवढा रेडिओ होता, कारण त्याचा मालक गाव सोडून गेला होता.

"कलाकृती कुठंय?" बाईंनी विचारलं.

"घरोघरी गेली," काका म्हणाले.

बाईंनी रेडिओचं बटण फिरवलं. रेडिओ खणखणीत बोलला. "हा तर चालू आहे! नियमात बसत नाही. बाद!" असं म्हणून त्या पुढे गेल्या आणि पहिलं बक्षीस बाटल्यांच्या बदकाला देऊन आल्या.

काका घरी येऊन मागच्या खोलीत उभे राहिले. सगळं भंगार राक्षसात गेल्यानं खोली रिकामी होती. नुसतं खाकरलं तरी आवाज घुमत होता. त्यांना खरोखरच रडू फुटलं. भंगारवाल्याला न्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं!

इतक्यात दार वाजलं. दारात शाळेतल्या बाई, हातात किटली. त्यांच्यामागे बँकेतले साहेब, हातात हीटर. त्यांच्यामागे जिना उतरून थेट फाटकापर्यंत रांग!

"काका, पुढचा राक्षस कधी?" बाईंनी विचारलं. "ही किटली त्याच्या पोटात घाला. बांधून झाली की मी न्यायला येते."

काकांचे डोळे लकाकले, पण हात पुढे होईना. काकूंना विचारल्याशिवाय खोलीत टाचणीसुद्धा आणायची सोय नव्हती. त्यांनी घरभर हाका मारल्या. उत्तर आलं ते बाहेरून, रांगेच्या टोकाकडून! काकू तिथं घरचा मिक्सर पोटाशी धरून उभ्या होत्या.

"तुम्ही?" काका उडालेच.

"मशीन मी बाहेरच्या खोलीत मांडेन. खोली तुमची," काकू म्हणाल्या. "पण आधी हा घ्या. वर्ष झालं बंद पडून. बायको म्हणून सांगून सांगून जीभ झिजली. म्हटलं, आता गिऱ्हाईक होऊन बघावं!"

काकांना भरून आलं. त्यांनी मिक्सर दोन्ही हातांनी घेतला, कानाशी धरून हलवून पाहिला, आणि जन्माच्या सवयीनं बोलून गेले, "बुधवारी या. यायच्या आधी एक फोन करा."