अर्धं आत, अर्धं बाहेर

माणसाने सुट्टीच्या दिवशी घरात काही नवीन आणू नये, आणि आणायचंच झालं तर खिशात मावेल असं आणावं. हे मी आता सांगतोय. त्या आठवड्यात मला कोणी सांगायला आलं असतं, तर मी त्यालाच टेबलाचं दुसरं टोक धरायला लावलं असतं.

झालं असं, की वसंतातली ती जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी तोंडावर आली होती आणि थोरल्याचा फोन आला. "बाबा, रविवारी दुपारी आम्ही सगळे येतोय." सगळे म्हणजे थोरला, सूनबाई, चार वर्षांची नात, आमची लेक आणि धाकटा, एकाच गाडीतून. पहिला दिवस सुनेच्या माहेरी, शेवटचा स्वतःच्या घरी आराम करायला, आणि मधली एक दुपार आमच्या वाट्याला. (तीन दिवसांतली एक दुपार. पण आम्ही तक्रार करत नाही. आम्ही नुसता रोज फोन करून 'नक्की ना?' एवढंच विचारतो.) तिन्ही मुलं एकदम घरी आल्याला काही वर्षं झाली होती. एकाला रजा मिळाली की दुसऱ्याची रद्द व्हायची, आणि दोघांची जमली की तिसऱ्याला ताप यायचा.

मी फोन ठेवला तर ही ओटा पुसता पुसता थांबली होती. "अहो," ती म्हणाली, "एकदा मला त्या तिघांबरोबर बसून जेवायचंय."

"मग बस की. कोणी नको म्हटलंय?"

"कुठे बसू? तुमच्या डोक्यावर?"

मुद्दा बिनतोड होता. आमचं टेबल चौघांचं, त्यातही एक बाजू भिंतीला चिकटलेली. शिवाय आमच्या भागाकडचं जेवण भारी हट्टी. कोवळ्या पाल्याचा आंबट रस्सा गॅसवरून उतरला की तिथल्या तिथे खायचा, गार झाला की त्याची खळ होते. सोबतची पातळ पोळी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी. हा पाला वसंतात काही दिवसच मिळतो, आणि मुलं राहतात तिकडे तर बाजारात कोणी त्याला ओळखही दाखवत नाही. त्यामुळे ती आली की आधी मुलं जेवणार, मग मी, आणि सगळ्यात शेवटी ही, ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाला उरलं असेल ते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातली मीटिंगरूम मोडायला काढली. मी आवक-जावक विभागात कारकून. त्या खोलीतल्या लांबलचक टेबलाशी फाइल घेऊन उभं राहण्यात माझी सगळी नोकरी गेली. बसायची वेळ कधी आली नाही. ते टेबल आता भंगारात जाणार होतं. मी धीर करून साहेबांना म्हणालो, "मी नेऊ का?"

"तुम्हाला काय करायचंय एवढं मोठं टेबल?"

"जेवायचंय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि नेण्याची परवानगी दिली. बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून.

आता, मी काही अगदीच बावळट नाही. मी टेप लावून टेबलाची रुंदी मोजली. घरी येऊन दाराची मोजली. दार चांगलं चार बोटं जास्त भरलं. (नंतर कळलं, की मी टेबल टोकाला मोजलं होतं. मीटिंगची टेबलं टोकांना निमुळती आणि मध्यभागी पोट सुटलेली असतात. जन्मभर टोकाशीच उभा राहिल्यामुळे मधे काय असतं याची मला कल्पना नव्हती.)

टेम्पोवाला शनिवारी येतो म्हणाला आणि रविवारी सकाळी उगवला. त्याने आणि त्याच्या माणसाने ते धूड पहिल्या मजल्यावर चढवलं, दारासमोर ठेवलं आणि 'पुढची डिलिव्हरी आहे' म्हणून काढता पाय घेतला. समोरच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर एकटेच राहतात. आवाज ऐकून ते बाहेर आले आणि कोणी न विचारता त्यांनी सूत्रं हातात घेतली. मी आतून ओढायचं, त्यांनी बाहेरून ढकलायचं.

"एक, दोन, तीन!"

टेबल लोण्यासारखं आत आलं. निम्मं आलं. मग कर्र असा आवाज झाला, चौकटीवरचा पोपडा माझ्या डोक्यात पडला आणि टेबल थांबलं. आम्ही ढकललं, ओढलं, हेडमास्तरांनी त्याला छडीच्या काळातल्या आवाजात दम दिला. टेबल जे बसलं ते बसलं. चार खुर्च्यांचं टेबल घरात, चार खुर्च्यांचं बाहेर जिन्यापाशी, आणि मधोमध आमची चौकट. खालून जावं तर मधल्या पायांना आडवी फळी.

"काय केलंत हे!" ही स्वयंपाकघरातून, म्हणजे दारापासून तीन पावलांवरून, कपाळाला हात लावून म्हणाली.

"थांब, निघेल आत्ता."

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

मुलं जिना चढून आली आणि रांगेत उभी राहिली. थोरल्याच्या हातात पेढीवरची मिठाई, लेकीच्या हातात फुलं.

"बाबा," लेकीने विचारलं, "हे काय आहे?"

"टेबल."

"ते दिसतंय."

नात फळीखालच्या फटीतून सरपटत आत आली आणि आजीच्या पायांना बिलगली. त्या दिवशी आमच्या घरात पाऊल ठेवणारी ती एकटीच पाहुणी. धाकटा म्हणाला, "मी वरून येतो," आणि त्याने एक गुडघा टेबलावर ठेवला. चौकट कुरकुरली, आणखी एक पोपडा आला.

"उतर खाली!" ही कडाडली. "रस्सा उतरलाय, आता घर पाडू नकोस. सगळे तिथेच बसा. मास्तर, तुमच्याकडच्या खुर्च्या द्या. आणि तुम्हीही बसा."

"मी काय, नंतर घेईन थोडं," हेडमास्तर म्हणाले. त्यांची मुलगी परदेशात असते. त्या सुट्टीत येणार होती, आली नाही. हे त्यांनी मला सकाळी ढकलता ढकलता सांगितलं होतं.

"नंतर काही मिळायचं नाही. बसा."

चादर अंथरली, ताटं मांडली. बाहेरच्या अंगाला पाच जण बसले. ही सवयीने ओट्याकडे वळली, तर लेक म्हणाली, "आई, बस ना."

"आणि पोळ्या कोण लाटणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत ओट्यापर्यंत पोचू शकेल असा तिच्याशिवाय मीच होतो.

मग ही बसली, नातीला मांडीवर घेऊन. मी लाटणं हातात घेतलं. माझ्या पोळीला पातळ म्हणायला फार मोठं मन लागतं, पण मुलांकडे ते होतं. पहिली धाकट्याने गपकन खाल्ली. दुसरी हेडमास्तरांनी उलटसुलट तपासली आणि वरच्या वर्गात चढवल्यासारखी ताटात घेतली. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली उतरताना अंग चोरून म्हणाल्या, "काय, मीटिंग चाललीये का?"

"या, जेवायला या!" ही म्हणाली. बसल्या जागेवरून म्हणाली.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. तव्याकडे तोंड करून उभं राहिलं, की पाठीमागे सगळे हसतात ते ऐकू येतं, पण कशावर हसतात ते कळत नाही. मी दोनदा मान वळवून विचारलं, "काय झालं? काय झालं?"

"काही नाही हो बाबा. तवा बघा, जळतंय."

हा प्रश्न मी या घरात वर्षानुवर्षं ऐकला होता. विचारणारी ही असायची आणि 'काही नाही' म्हणणारा मी. मला एकदम फार वाईट वाटलं. वळून पाहिलं तर ही रश्शात बुडवलेला घास हातात धरून समोर बघत होती. एका ओळीत तिची तिन्ही मुलं, एकमेकांच्या ताटातलं पळवत. "असे तिघे एकदम किती दिवसांनी दिसताय रे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मला धुराने आलं. (धूर होता. खोटं कशाला सांगू.)

दुपार कधी सरली कळलं नाही. थोरल्याने घड्याळ पाहिलं, मग हळूच आणखी एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "आई, निघायला हवं गं."

सगळे उठले. टेबलावरून हात पुढे आले. हिने एकेकाचा हात धरला, पण लेकीचा हात काही तिला सोडवेना.

"वाट्या बाजूला घ्या," ही एकदम म्हणाली.

"कशाला?"

"घ्या म्हणते ना."

डॉक्टरांनी हिला जिनासुद्धा जपून चढायला सांगितलंय. ती खुर्चीवर चढली, खुर्चीवरून टेबलावर, आणि चादर, चमचे, सांडलेला रस्सा यांच्यामधून हातापायांवर पलीकडे गेली. चौकट हूं की चूं करेना. पलीकडे तिघांनी मिळून तिला उतरवून घेतलं आणि चौघं एकमेकांना जे बिलगले ते सुटायला तयार नाहीत. मी अलीकडे लाटणं धरून उभा.

"आई," लेक डोळे पुसत म्हणाली, "आता एवढी आलीच आहेस, तर चल आमच्याबरोबर. आठवडाभर राहा."

मला वाटलं ही 'छे' म्हणेल. ही म्हणाली, "अहो, माझे दोन कपडे आणि गुडघ्याच्या गोळ्या द्या बघू."

"मग मी पण येतो!" मी खुर्चीवर पाय ठेवला.

"आणि दार?" थोरल्याने विचारलं.

दार लागत नव्हतं. लागणार कसं, मधे टेबल. सुताराला फोन केला, तर तोही सुट्टीला गावी गेलेला. मंगळवारी येतो म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, "जा तुम्ही, मी राखतो घर," पण त्यांना मागच्या महिन्यात त्यांच्याच घरातला कुकर चोरीला गेलेला दोन दिवस कळला नव्हता. मी पाय खाली घेतला. पिशवी टेबलावरून सरकवली. नातही सरपटत बाहेर गेली, आणि गाडीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज होता.

"जेवलात का?"

"बसतोच आहे. मास्तर त्या टोकाला, मी या टोकाला. मीठ मागायचं तर ओरडावं लागतं. तुझं?"

"आमचंही चाललंय. धाकटा वाढतोय, मला उठूच देत नाहीत कोणी." मग जरा थांबून, हळू आवाजात, "अहो, तुमच्यासाठी इथे एक खुर्ची रिकामी ठेवलीये हं."

मला भरून आलं. मी विचारलं, "खरंच? अजून रिकामी आहे?"

"अगदी रिकामी नाही हो," ही म्हणाली, "सध्या तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातलेत."