पाटीवरची पत

घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या फ्राऊ केलरनी कागद पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढला आणि तनय फडतरेकडे असं पाहिलं, की आपण खरंच काहीतरी चोरलंय असं त्याला वाटायला लागलं.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमधलं ते दोन खोल्यांचं घर जवळजवळ मिळालंच होतं. तनय पीएचडी करणारा, पगार अर्धा. म्हणून त्याच्याकडे वोनबेरेष्टिगुंग्सशाइन होता, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना स्वस्त घर मिळण्याचा दाखला. बायकोला, सुकन्याला, सातवा महिना होता, आणि सध्याच्या खोलीत पाळणा ठेवायचा तर पलंग जिन्यात ठेवावा लागला असता. राहिला होता फक्त शूफाचा अहवाल. माणूस बिलं वेळेवर भरतो की नाही, हे शूफा सांगते. तनयबद्दल तिने सांगितलं होतं: इंटरनेटचं बिल थकलेलं, स्मरणपत्रांना उत्तर नाही.

"पण मला एकही पत्र आलेलं नाही," तनय म्हणाला.

"हेर फडतरे, जर्मनीत पत्र येतं," फ्राऊ केलर म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत खुलासा आणा. नाहीतर घर दुसऱ्या कुटुंबाला जाईल."

संध्याकाळी सांगलीहून दिनकररावांचा, म्हणजे तनयच्या वडिलांचा, व्हिडिओ कॉल आला. त्यांचा जन्म गेला पतसंस्थेचे सचिव म्हणून. समोरच्याला पत शिकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"अरे, ऐपत नसली तर सरकार दाखला देतं. पत नसली तर ब्रह्मदेवही देत नाही. फडतऱ्यांच्या घरात थकबाकी म्हणजे काय?"

"बाबा, टपालच येत नाही हो. आल्झो, म्हणजे उन्हाळ्यापासून काहीच नाही."

"उन्हाळ्यात तर मी तिथेच होतो."

"गेनाऊ, तेव्हापासूनच," तनय म्हणाला आणि मध्येच थांबला.

सुकन्या शेजारी बसून डिंकाचा लाडू खात होती. तिने तो खाली ठेवला. "बाबा, तुम्ही आपल्या पत्रपेटीवर ती पितळी पाटी लावलीत ना, ती तेव्हाच ना?"

ती पाटी दिनकररावांनी सांगलीहून बॅगेत आणली होती. "नावाची चिठ्ठी काय चिकटवता? भाड्याचं असलं तरी घर आहे," असं म्हणून त्यांनी छापील चिठ्ठी खरवडून काढली आणि तिथे पाटी बसवली: 'श्री. तनय व सौ. सुकन्या फडतरे'. सुरेख, वळणदार देवनागरी. फॅमिली ग्रुपवर तिचं फार कौतुक झालं. पोस्टमन त्या ग्रुपवर नव्हता. इथे इमारतीला नंबर असतो, पण आतल्या घरांना नसतो; पेटीवरचं नाव वाचूनच पत्र टाकतात. त्या बिचाऱ्याला ती नक्षी वाटली आणि फडतऱ्यांचं सगळं टपाल आल्या वाटेने परत गेलं. इकडे हे दोघं खूश, की काय शिस्तीचा देश आहे, बिलंसुद्धा फारशी येत नाहीत.



"माझ्यामुळे घर गेलं का गं?" दिनकररावांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली आलेला सुकन्याने कधी ऐकला नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

"गेलं नाही अजून, बाबा. मी बघते."

पाटी पुराव्याला न्यायची ठरलं. पण सांगलीकरांनी ती अशी चिकटवली होती, की ओढल्यावर पत्रपेटीचं दारच हातात आलं. शुक्रवारी सुकन्या ते दार पोटाशी धरून तनयबरोबर एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, निघाली. गाडीत दोन प्रवाशांनी उठून तिला जागा दिली. एक तिला, एक दाराला.

फ्राऊ केलरनी पाटीवरून बोट फिरवलं. "हे नाव आहे? मला वाटलं, वेलबुट्टी." मग त्या हसल्या, आणि हसताना वेगळ्याच बाई वाटल्या. तनयने तिथूनच इंटरनेट कंपनीला फोन लावला. परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा त्यांच्याकडे होताच. तनयने पैसे भरले, कंपनीने नोंद मागे घेतली आणि घर मिळालं.

"एकच अट," फ्राऊ केलर म्हणाल्या. "नवी पाटी आमच्या लिपीत."

बारशाला दिनकरराव आले ते नवी पाटी घेऊनच. स्पेलिंग दोनदा तपासलेलं. कुणी उठायच्या आत त्यांनी ती पत्रपेटीवर चिकटवूनही टाकली: 'Shri. Tanay & Sau. Sukanya Phadtare'.

दुपारी फ्राऊ केलर बाळाला टोपडं घेऊन आल्या, त्या दारातच थबकल्या. "फ्राऊ फडतरे, तुम्हाला हे... 'झाउ' कोण म्हणतं?"

"माझे सासरे," सुकन्या म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जर्मनमध्ये 'Sau' वाचतात झाउ, आणि त्याचा अर्थ डुकरीण.

"काय म्हणतायत गं बाई?" आतून दिनकररावांनी विचारलं.

"पाटी आवडली म्हणतायत, बाबा."

ते सांगलीला परतले त्याच दिवशी तनय पातं घेऊन पाटी काढायला निघाला. सुकन्याने त्याचा हात धरला. "राहू दे. किती आनंदात गेलेत ते. आणि पोस्टमनला विचार."

खरंच, पोस्टमन आता पेटीत पत्र टाकतच नाही. घंटी वाजवतो, हातात देतो आणि घरच्यांनी पाटीवर डुकरीण ठरवलेल्या सुकन्याला अदबीने विचारतो, सगळं ठीक ना. एक बिल चुकलेलं नाही. शूफाचा अहवाल आरशासारखा स्वच्छ आहे.

सांगलीत पतसंस्थेच्या कट्ट्यावर दिनकरराव सगळ्यांना सांगतात, "तिकडे आमच्या सुनेची पाटी वाचली, की पोस्टमन हसतमुखाने दारात उभा राहतो. पत म्हणतात ती ही."